जुनी डून बगी गॅरेजमध्ये उभी करायची तर आधी तिचे तडे वाचा

डून बगी म्हणजे वाळूत पळवायची उघडी गाडी, बहुतेक वेळा फोक्सवॅगन बीटलच्या तळावर फायबरग्लासची बॉडी बसवलेली. तिच्या जुन्या बॉडीवर तडे दिसले की पहिला हात पॉलिश पेपरकडे जातो, तो तिथंच थांबवा. फायबर उगाच तडकत नाही. प्रत्येक तड्यामागं काहीतरी ओढतंय, दाबतंय किंवा हलतंय, आणि ते कारण शोधायच्या आधी तुम्ही लांबी (पुट्टी) भरून वर मस्त रंग मारलात तर वर्षभरात तोच तडा त्याच जागी परत येणार. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, आमच्या दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये एका बाजूला साठच्या दशकाच्या शेवटची, मेयर्स मँक्स या मूळ बगीसारखी बगी उभी केली, त्यात जे हाताला लागलं ते सगळं सांगतो.

थोडं मागचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही बॉडी अशी का आहे ते कळत नाही. ब्रूस मेयर्स हा न्यूपोर्ट बीचचा माणूस, फायबरच्या बोटी बनवायचा, आणि १९६४ मध्ये त्यानं मेयर्स मँक्सची पहिली गाडी तयार केली. पहिल्या थोड्या गाड्यांना खाली वेगळी चासी नव्हतीच, बॉडी हीच चासी. ते करायला महाग पडायचं म्हणून नंतर त्यानं बॉडी बदलली आणि फोक्सवॅगन बीटलचा तळ साडेचौदा इंच कापून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं ९४.५ इंचाचं अंतर (व्हीलबेस) ८० वर आणून त्याच्यावर ती बोल्टनं बसवायची सोय केली. १९६७ मध्ये बाहा कॅलिफोर्नियातली पहिली मेक्सिकन १००० शर्यत मँक्सनंच जिंकली आणि मग बघता बघता नकला करणाऱ्यांची रांग लागली, त्यामुळं आज जी बगी हाताला लागते ती बहुतेक वेळा नक्कलच असते. त्यात कमीपणा काही नाही, फक्त एक लक्षात ठेवा की नकलांमध्ये फायबरची जाडी कुठं चांगली तर कुठं अगदी कागदासारखी असते. मालवण-रत्नागिरीकडं फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ही बॉडी दाखवली तर त्याला पाच मिनिटांत सगळं समजेल, काम तेच आहे.

विकत घेताना बॉडीच्या आधी कागद बघा. अशा बगीला स्वतःचा असा नंबर बहुतेक वेळा नसतोच, कागदावर ती बीटलच असते, आणि तो नंबर मागच्या सीटच्या जागी, तळाच्या मधोमध जाणाऱ्या लोखंडी बोगद्यावर ठोकलेला असतो. तिथला गंज आणि रंग ब्रशनं हळूच साफ करा (ग्राइंडर अजिबात नको, आकडे उडतील) आणि टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) नंबराशी एकेक आकडा ताडून बघा. माझी कागदोपत्री १९६३ ची फोक्सवॅगन आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) लागत नाही, त्यामुळं तळ जुना असेल तर एक मोठी डोकेदुखी आपोआप जाते. नंबर जुळत नसेल तर बगी कितीही आवडलेली असू दे, सोडून द्या.

आता बॉडी उतरवणे. वजनाला ती हलकी, चार जण चार कोपऱ्यांना लागले की उचलते, पण उचलायच्या आधी आत आडवी-तिरकी लाकडं लावून ती बांधून घ्या, कारण तळावरून सुटली की ती सैल पडते आणि महिनोन्‌महिने वाकड्या आधारावर राहिली तर तोच वाकडा आकार धरून बसते. मी टू बाय फोरच्या लाकडी पट्ट्यांची चौकट करून वर जुनं कार्पेट ठोकलं, बॉडीची सगळी कड टेकेल अशी. प्रत्येक बोल्ट काढताना फोटो काढा, कुठल्या बोल्टखाली किती मोठा वायसर होता, रबर होतं का नव्हतं, हे सगळं. पुढं तेच फोटो पुरावा म्हणून उपयोगाला येतात.

बॉडी निघाली की तळ मोजा, आणि हे काम दिवसभराचं आहे असं समजूनच सुरू करा. लेझर वगैरे काही लागत नाही, ओळंबा, खडू आणि टेप बास. तळ चार घोड्यांवर सपाट ठेवायचा, पुढं चाकांचा आडवा बीम जिथं बसतो तिथले दोन्हीकडचे बोल्ट आणि मागं टॉर्शन ट्यूबची (मागच्या सस्पेन्शनच्या आडव्या नळीची) दोन्ही टोकं, या चार ठिकाणांहून ओळंबा सोडायचा, तो हलायचा थांबला की बरोब्बर टोकाखाली खडूची फुली. मग तळ बाजूला घ्यायचा आणि जमिनीवरच्या चार फुल्यांचे दोन कर्ण मोजायचे. माझ्या कर्णांत ९ मिलिमीटरचा फरक निघाला. मी तीनदा मोजलं, मग बायकोला टेपचं दुसरं टोक धरायला बोलावून चौथ्यांदा मोजलं, ९ च. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी कोणीतरी तळ कापून जोडताना तो जरासा तिरका जोडला होता आणि नंतर बॉडी बोल्टनं ओढून ओढून त्याच्यावर बसवली होती. डाव्या मागच्या फेंडरवर जो हातभर लांब तडा होता त्याचं उत्तर मला त्या खडूच्या फुल्यांत मिळालं, बॉडीला हात लावायच्या आधीच.

तळाचा जोड परत कापून सरळ करायचं काम तुम्हाला वेल्डिंग उत्तम येत असेल तरच स्वतः करा. मी वेल्डरकडं दिलं, कारण हा जोड सुटला तर गाडीचे दोन तुकडे होतात. देताना बोगद्याच्या आतल्या नळ्या विसरू नका, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, गिअरचा रॉड, पेट्रोलची नळी सगळं त्याच बोगद्यातून जातं, आणि वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी गाडीतून काढून गॅरेजच्याही बाहेर ठेवायची आणि बोगद्यातली नळी पूर्ण रिकामी करून घ्यायची.

तळ सरळ झाला, आता फायबर. सगळ्यात आधी मेण काढणाऱ्या सॉल्व्हंटनं पूर्ण बॉडी पुसा, दर वेळी स्वच्छ फडकं, कारण मेण तसंच ठेवून घासलं तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि पुढं काहीच नीट चिकटत नाही. पत्र्याच्या गाडीवरचा रंग उतरवायला वापरतात तो नेहमीचा पेंट रिमूव्हर इथं चालत नाही, तो रेझिनलाच, म्हणजे फायबरचे धागे धरून ठेवणाऱ्या पदार्थालाच खातो. हातानं घासा, वेळ लागू दे. माझ्या बगीवर वरून नारंगी, मग पांढरा, मग राखाडी लांबी असे थर कांद्यासारखे निघत गेले आणि सगळ्यात खाली चमचमता निळा मेटलफ्लेक लागला, तोही रंगात नाही तर मूळ जेलकोटमध्येच, म्हणजे फायबरवरच्या मूळ वरच्या थरातच. तो दिसला तेव्हा मी पेपर खाली ठेवला आणि बाकीचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं.

असा मेटलफ्लेक लागला तर फार जपून. चकचकीत कणांवर पारदर्शक जेलकोटचा थर असतो, तो घासून पार झालात तर कणांचा रंग कापला जातो आणि तिथं पांढुरका-चंदेरी डाग पडतो, जो परत निळा करता येत नाही. ८०० च्या वॉटर पेपरनं सुरुवात करा, पाणी भरपूर, मग १०००, १५००, २००० आणि शेवटी कंपाउंड. कडा आणि फेंडरचे उभार मशीननं करायचेच नाहीत, तिथं थर सगळ्यात पातळ असतो. माझं ठाम मत आहे की मूळ जेलकोट साठ-सत्तर टक्के जरी चांगला असेल तर तो ठेवावा, नव्या रंगाखाली गाडू नये, भले एकदोन ठिकाणी जोड दिसला तरी.

तडे दोन तऱ्हेचे. एक नुसता वरच्या जेलकोटचा, केसासारखा, आणि दुसरा पार फायबरपर्यंत गेलेला. ओळखायचं कसं, तर बॉडीच्या आतल्या बाजूला रंग नसेल तर मागून टॉर्च धरा, थर सुटलेले असतील तिथं पांढुरकं दिसतं. शिवाय नाण्यानं ठकठक करत जा, चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो आणि सुटलेल्या जागी बद्द. मार्करनं गोल करत जा. मग मागं उभं राहून सगळे गोल एकत्र बघा, ते कुठं जमलेत ते बघा. माझ्याकडं रोल बारच्या (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या लोखंडी कमानीच्या) पायाभोवती चांदणीसारखे तडे होते, आणि फोटो काढून ठेवला होता म्हणून कारण लगेच सापडलं, पाय नुसता फायबरला छोट्या वायसरनं आवळलेला. असा रोल बार गाडी उलटली तर काही कामाचा नाही, फायबर फाटून तो बाहेर येईल. त्याचे पाय खालच्या लोखंडापर्यंत न्यायलाच हवेत, सीटबेल्टचे बोल्टसुद्धा.

खोल तडा नेहमी मागून दुरुस्त करायचा. आतल्या बाजूनं ४० नंबरच्या पेपरनं तड्याच्या दोन्हीकडं उतार काढा, जाडीच्या साधारण बारा पट रुंद, म्हणजे ४ मिलिमीटर जाडी असेल तर एकेका बाजूला जवळजवळ ५ सेंटिमीटर. एवढं कशाला असं वाटतं, पण जुनं फायबर आणि नवं फायबर यांची पकड त्या उतारावरच असते. मागच्या बाजूला मी विणलेलं फायबरचं कापड आणि इपॉक्सी रेझिन वापरतो, बॉडीतल्या जुन्या पॉलिस्टर रेझिनवर इपॉक्सीची पकड जास्त चांगली. साधी चॉप्ड मॅट (फायबरच्या तुकड्यांची चिकटवलेली चादर) मात्र इपॉक्सीबरोबर घेऊ नका, तिच्यातला चिकटा पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही आणि मॅट ताठच राहते. आणि पुढून जिथं जेलकोट यायचाय तिथं इपॉक्सीचा थेंबही नको, पॉलिस्टर जेलकोट त्याच्यावर नीट धरत नाही. पुढून तड्याला व्ही आकाराची खाच पाडा, पॉलिस्टर आणि मग जेलकोट भरा, थोडा वर उचललेला, म्हणजे घासून सपाट करता येईल.

पॉलिस्टरमध्ये हार्डनर १ ते २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला १-२ ग्रॅम, मोजून. डब्यात जास्त मिश्रण करून ठेवू नका, ते स्वतःच तापतं, धूर सोडतं, आगही लागू शकते. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते म्हणून बंद गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. घासताना बारीक धूळ अडवणारा पी१०० फिल्टरचा मास्क, पूर्ण बाह्या, आणि नंतर अंघोळ गार पाण्यानं. आणि एक गोष्ट, जी मला शेजाऱ्यांनी दाखवून दिली आणि ज्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे: इथं बऱ्याच घरांचा गॅसवरचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो. ॲसिटोन आणि स्टायरीनची वाफ जमिनीलगत पसरते आणि हीटरची ज्योत खालीच असते. त्या दिवसापासून रेझिनचं काम मी हीटरचा गॅस बंद करून, दार पूर्ण वर करून, नाहीतर सरळ ड्राइव्हवेवरच करतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण बीटलच्या इंजिनाची माहिती भरपूर मिळते. सुरू करायच्या आधी पान्यानं हातानं फिरवून बघा, व्हॉल्व्हचा गॅप इंजिन थंड असताना ०.१५ मिलिमीटर, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे क्लिपसकट, आणि फिल्टर इंजिनाजवळ नको, तिथं पाइप निसटला तर पेट्रोल गरम इंजिनावरच सांडतं. बगीत इंजिन उघडं असतं म्हणून बरेच जण आजूबाजूचे पत्रे काढून फेकतात, तसं करू नका, त्या पत्र्यांमुळंच पंख्याची हवा सिलेंडरवरून जाते आणि खालची गरम हवा परत वर येत नाही.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट पण ती बहुतेकांना छळते. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंग असते, फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळं प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पेट्रोलच्या काट्याला अर्थिंगची वेगळी वायर तळापर्यंत न्यावी लागते. इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट मिणमिणतोय असं दिसलं तर बाकी काही उघडू नका, आधी अर्थिंग बघा.

ब्रेकचे नळ, होज, सिलेंडर सगळे नवे घाला. जुना होज बाहेरून चांगला दिसतो पण आतून फुगून बंद झालेला असतो. १९६७ च्या आधीच्या तळावर मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा असतो, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले, म्हणून मी दोन सर्किटचा बसवला. बगीचं पुढचं अंग हलकं असतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं पटकन लॉक होतात, त्यामुळं पहिल्यांदा मोकळ्या जागेत हळू वेगात ब्रेक मारून पायाला सवय करून घ्या.

बॉडी परत बसवताना कडेनं रबराची पट्टी, प्रत्येक बोल्टखाली रुपयाच्या नाण्याहून मोठा वायसर, आणि सगळे बोल्ट आधी नुसते हातानं. भोकं आपोआप समोरासमोर आली पाहिजेत. एखादं येत नसेल तर बॉडी ओढू नका, भोक थोडं मोठं करा किंवा खाली पातळ पट्टी सरकवा. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जा. माझ्याकडं या वेळी सगळी भोकं जुळली, फक्त उजवीकडच्या एका ठिकाणी पट्टी लागली.

पहिले शंभर मैल झाले की बोल्ट परत एकदा आवळा, आणि संध्याकाळी दिवा घालवून टॉर्च आडवी धरून दुरुस्त केलेली प्रत्येक जागा बघा, तारीख घालून फोटो काढून ठेवा. मी आतल्या बाजूला जुन्या तड्यांच्या टोकांवर पेन्सिलीनं बारीक रेघा मारून ठेवल्यात. आता ४०० मैल झालेत, फेंडरचा तडा रेघेच्या अलीकडंच आहे, रोल बारपाशी काहीच नाही, एक केसाएवढी नवी रेघ विंडशील्डच्या डाव्या पायापाशी दिसतेय आणि या शनिवारी तो बोल्ट काढून खालचा वायसर बघायचाय.