फायरवॉलवर सर्टिफिकेट ऑथेंटिकेशन लावताना मी कुठे कुठे अडकले

नेटवर्कमध्ये नवीन असाल आणि सिनियरने सांगितलं की व्हीपीएनचं लॉगिन पासवर्डवरून काढून सर्टिफिकेटवर टाक, तर घाबरू नका. क्लिक करायचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण कुठली गोष्ट कशासाठी ते कळलं नसेल तर अख्खी रात्र जाते. माझी गेली.

मी काय केलं, सीएचं (सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे सही करून सर्टिफिकेट देणारा) रूट, म्हणजे सगळ्यात वरचं सर्टिफिकेट फायरवॉलच्या ट्रस्टेड लिस्टमध्ये टाकलं, लॅपटॉपवर युजरचं इन्स्टॉल केलं, कनेक्ट केलं आणि एरर. युजरच्या सर्टिफिकेटवर सही रूटची नव्हतीच, मधल्या इंटरमीडिएट सीएची होती आणि तो मधला मी कुठेच टाकला नव्हता, मग युजरपासून रूटपर्यंतची सह्यांची चेन जुळणार कशी. तो टाकला, तरी एरर. लॉगमध्ये 'नॉट येट व्हॅलिड' असं सरळ लिहिलेलं, मी तीनदा वाचून सोडून दिलं कारण सर्टिफिकेट तर आजच काढलं होतं ना. शेवटी घड्याळ बघितलं तर फायरवॉल 1970 च्या जानेवारीत बसलेला, एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) लावलंच नव्हतं, आणि लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीच तारीख होती हो! आता मी आधी वेळ बघते, मग बाकीचं.

अजून एक, फायरवॉलला सीएचं फक्त सर्टिफिकेट लागतं, प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) नाही. कोणी पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि की एकत्र ठेवता येणारी) पाठवली तर तशीच अपलोड करू नका, त्यात की असू शकते.

ट्रस्टेड लिस्टमध्ये कोणाला घ्यायचं यावर मात्र नीट डोकं लावा. वेबसाइटला सर्टिफिकेट देणारा एखादा पब्लिक सीए क्लायंट लॉगिनसाठी ट्रस्ट केलात आणि नाव तपासलं नाही, तर त्या सीएकडून क्लायंटचं सर्टिफिकेट मिळवलेला कोणीही आत येऊ शकतो. म्हणून कंपनीचा स्वतःचा प्रायव्हेट सीएच ठेवा, आणि वर सर्टिफिकेटमधलं युजरनेम डिरेक्टरीतल्या (कंपनीच्या युजरच्या नोंदींमधल्या) ग्रुपशी मॅच करा. सर्टिफिकेटवर क्लायंट ऑथेंटिकेशनचा युसेज (ते कशासाठी वापरायचं याची नोंद) आहे का तेही बघा, फक्त सर्व्हरसाठी काढलेलं चालत नाही.

आणि रिव्होकेशन, म्हणजे मुदतीआधीच सर्टिफिकेट रद्द करणं, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही. आमच्याकडे नोकरी सोडून गेलेल्या एकाचं सर्टिफिकेट रिव्होक केलं होतं, तरी ते व्हीपीएनला मस्त चालत होतं. कारण सीआरएलच्या (रद्द केलेल्या सर्टिफिकेटांच्या यादीच्या) पत्त्यापर्यंत फायरवॉल पोचतच नव्हता, आणि सेटिंग होतं 'यादी मिळाली नाही तर येऊ द्या'. ते कडक करा, पण मग सीआरएलचा सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांचंच लॉगिन अडकेल, त्यामुळे यादी दोन ठिकाणी ठेवलेली बरी. यादी कॅशमध्ये राहते, पुढच्या अपडेटपर्यंत जुनीच वापरली जाऊ शकते, लवकर कळायला हवं असेल तर ओसीएसपी (त्या एका सर्टिफिकेटची स्थिती थेट विचारायची पद्धत) लावा.

अॅडमिन लॉगिनला हे लावणार असाल तर कन्सोल केबल (फायरवॉलला थेट जोडायची) हाताशी ठेवा, स्वतःलाच बाहेर ठेवणारे खूप बघितलेत (मी पण). सगळं झालं की एक टेस्ट सर्टिफिकेट काढा, कनेक्ट करून बघा, मग तेच रिव्होक करा आणि यादी अपडेट झाल्यावर परत कनेक्ट करा. झालं कनेक्ट, तर तुमचं काम अजून बाकी आहे.