मुलाच्या अंगावर संशयास्पद खूण दिसली तर: डॉक्टरांनी काय तपासावं, काय लिहावं, कधी कळवावं

चालायला लागलेलं मूल नडगी, गुडघे, कपाळ आपटून घेतंच. पण जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याच्या गालावर नखाएवढा काळानिळा डाग दिसला तरी तो सोडून देऊ नका. चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला कुठेही वळ (काळानिळा डाग) असेल, किंवा चार वर्षांखालच्या मुलाच्या छाती-पोट-पाठ, कान, मान, जबड्याचा कोपरा, गाल, पापणी यांवर असेल, तर संशय घ्यायलाच हवा. बोटांचा, पट्ट्याचा किंवा चाव्याचा ठसा कोणत्याही वयात.

म्हणून खोकल्यासाठी आणलेल्या बाळाचेही कपडे पूर्ण उतरवा. कानामागे पाहा, वरचा ओठ उचलून ओठाला हिरडीशी जोडणारी आतली पातळ पट्टी फाटली आहे का तेही पाहा. ढुंगणावरचा जन्मजात निळसर डाग महिनोन्‌महिने तसाच राहतो, वळ काही दिवसांत रंग बदलून विरतो. मात्र रंगावरून वळाचं वय ठरवू नका. ते अंदाज चुकतात.

भाजल्याची कड नीट बघा. मोज्यासारखी सरळ रेघ, दोन्ही पायांवर सारखी आणि आसपास शिंतोडे नाहीत, तर पाय गरम पाण्यात धरून बुडवले असण्याची शक्यता मोठी. अंगावर सांडलेल्या पाण्याची जखम वेडीवाकडी असते, खाली निमुळती होत जाते.

"काय झालं?" एवढंच विचारा. "बाबांनी मारलं का?" असा प्रश्न म्हणजे उत्तर तोंडात घालणं. मूल बोलतं असेल तर त्याच्याशी वेगळं बोला. शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहा. कोण बोललं, किती वाजता, तेही. जखमांची मापं शरीराच्या आकृतीवर नोंदवा, फोटोत मोजपट्टी ठेवा.

दोन वर्षांखालच्या मुलात शारीरिक माराचा संशय असेल तर सर्व हाडांचे वेगवेगळे एक्स-रे काढा. सगळं बाळ एकाच फिल्मवर घेतलं तर बारीक फ्रॅक्चर निसटतात. सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा काढा: बरगडीचं ताजं फ्रॅक्चर बऱ्याचदा हाड भरू लागल्यावरच दिसतं. वळ असतील तर रक्त गोठण्यात दोष नाही ना हे पाहण्यासाठी प्लेटलेट, पीटी, एपीटीटी या रक्तचाचण्या करा. एएसटी किंवा एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम) लिटरमागे 80 युनिटच्या वर गेलं तर पोटाचा सीटी स्कॅन करा.

हेळसांड ओळखणं जास्त अवघड. वजनाचा आलेख घसरतोय, भेटी चुकताहेत, औषध दिलेलं नाही, असं असेल तर परवडत नाही का हे आधी विचारा. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे.

लैंगिक अत्याचारात तपासणी बहुधा नॉर्मल येते, त्यावरून काही घडलंच नाही असं लिहू नका.

कळवायला सबळ संशय पुरतो, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना आधी फोन करा, मग त्याच दिवशी लेखी कळवा. माहिती कोणी घेतली ते केसपेपरवर टाका. वरिष्ठांच्या कानावर घातलं म्हणजे कळवलं असं होत नाही. पालकांना शांतपणे सांगा, पण त्याने मुलाला धोका वाढणार असेल तर थांबा. घरी पाठवणं सुरक्षित वाटत नसेल तर दाखल करून घ्या. घरातल्या इतर लहान मुलांचीही तपासणी करवून घ्या, जुळं भावंड असेल तर त्याच दिवशी.