घरचा डेटा: हार्ड डिस्क की क्लाउड? पुरातून शिकलेली रीत

सांगलीत कृष्णा चढायला लागली की जो तो एकच विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणजे आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला. गावभागातल्या आमच्या घरात गाद्या, धान्याचे डबे, टीव्ही सगळं माळ्यावर चढलं. कॉम्प्युटर टेबलाखालीच राहिला. त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची हार्ड डिस्क होती. ताईच्या लग्नाचे फोटो दोन्हीकडे होते, आणि दोन्ही एकाच पाण्यात गेले. वर मी शहाण्यासारखी ती डिस्क उन्हात वाळवून कॉम्प्युटरला लावली. भिजलेली डिस्क कधीही चालू करू नका. आहे तशी डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.

तेव्हा डिस्क की क्लाउड (म्हणजे इंटरनेटवरची साठवण) हा वाद मी सोडून दिला. दोन्ही हवंच. ते असं करा.

आधी निवड करा. सात-बारा, मार्कशीट, आधार यांची फार काळजी नको. बरीचशी कागदपत्रं डिजिलॉकरमधून किंवा त्या त्या कार्यालयातून पुन्हा मिळतात. आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग आधी. सुप्रभातचे फुलवाले मेसेज गेले तरी चालतील! सगळं एका फोल्डरमध्ये घेऊन प्रॉपर्टीजमध्ये एकूण साइज आणि फाइलींची संख्या पाहा, कागदावर टिपून ठेवा.

मग त्या साइजला पुरून उरतील अशा दोन हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, तो हरवण्यासाठीच जन्माला आलेला असतो. फोल्डर कॉपी झाला की संख्या टिपणाशी जुळते का बघा आणि ‘इजेक्ट’ करूनच वायर काढा. एक डिस्क घरी, दुसरी दुसऱ्या गावात. आमची मिरजेला मावशीकडे, तिसऱ्या मजल्यावर असते. परक्या घरी ठेवताना डिस्कला पासवर्ड लावा. त्यासाठीचं व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मात्र तो पासवर्ड विसरलात तर डिस्क कोरी समजा.

आता क्लाउड. गुगलचे १५ जीबी फुकट असतात, पण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून. जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात, त्यामुळे लग्नाचा एक व्हिडिओसुद्धा बरीच जागा खातो. पैसे भरायचे नसतील तर निवडक तेवढंच वर चढवा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नेमकं इथेच लोक फसतात. फोनमध्ये जागा हवी म्हणून गुगल फोटोजमधून फोटो उडवलात, तर तो क्लाउडवरूनही जातो. ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो, पुढे नाही. जागा करायची तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. त्याने फक्त फोनमधली प्रत जाते. डिस्कवर मात्र तुम्ही हात लावल्याशिवाय काही हलत नाही, म्हणून ती लागते.

गुगल खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री, लावाच. पण पुरात टॉवर बंद पडले की ओटीपी येत नाही, आणि फोनच वाहून गेला तर विचारूच नका. सिक्युरिटी सेटिंगमधून बॅकअप कोड काढा, ते ओटीपीऐवजी चालतात. एका वेळी दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. छापून लॅमिनेट करा. आमचे पुरात उचलायच्या पिशवीत असतात, रेशनकार्डाच्या मागे. दोन वर्षं न उघडलेलं खातं गुगल बंद करून आतलं सगळं काढून टाकू शकतं, तेव्हा आजोबांच्या नावाने उघडलेलं खातंही अधूनमधून उघडा.

शेवटचं काम बहुतेक जण करतच नाहीत: तपासणी. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, डिस्क लावून कुठल्याही पाच फाइली उघडून बघा, नवीन फोटो भरा. क्लाउडवरचाही एखादा व्हिडिओ उतरवून चालवून बघा. मे महिन्यात मावशीकडे आंब्याची पेटी जाते, त्याच पिशवीत भरलेली डिस्क जाते आणि तिथली जुनी परत येते. मावशी ती साड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवते, डांबरगोळ्यांपासून लांब.