वडाच्या बॉन्सायची मुळं सुरेख पसरत नाहीत? या चुका टाळा

जुन्या वडाचा बुंधा बघा. मुळं चहूबाजूंनी जमीन धरून बसलेली असतात, त्यावरूनच झाडाचं वय कळतं. बॉन्सायमध्ये या मुळांना जपानी नाव आहे, नेबारी. फांदी बिघडली तर नवी वाढवता येते. नेबारी बिघडली तर दुरुस्तीत वर्षं जातात, म्हणून आधी तिच्याकडे लक्ष द्यावं.

सगळ्यात जास्त नुकसान घाईने माती उकरल्यामुळे होतं. मुळं दिसावीत म्हणून वरचा थर काढला की कोवळी मुळं उन्हात वाळतात, त्यांच्यावरची तंतुमुळं मरतात आणि जाडी वाढणं मंदावतं. मुळं जाड होतात ती मातीखाली, ओलाव्यात. तेव्हा ती दोन-तीन सेंटीमीटर झाकलेलीच ठेवा. वर ओलं शेवाळ पसरलं तर उत्तमच. दाखवायची वेळ काही वर्षांनी येते.

दुसरी चूक कुंडी बदलताना होते. कडेची गुंडाळलेली मुळं छाटली जातात आणि बुंध्याखालचं सोटमूळ तसंच राहतं. झाडाचा जोर त्या खाली जाणाऱ्या मुळांत जातो, आडवी मुळं उपाशी राहतात. खालची जाड मुळं तळाशी सपाट कापा. आडवी मुळं पुरेशी नसतील तर एकदम सगळं कापू नका, दोन वेळा कुंडी बदलताना विभागून कापा. मग बुंध्याखाली एक सपाट फरशी ठेवा, म्हणजे मुळांना खाली जायला वाट उरत नाही. आडवी मुळं हाताने चक्राच्या आऱ्यांसारखी पसरवा, एकमेकांवर चढलेली सोडवा, न सुटणारं सरळ काढून टाका. झाड कुंडीला तारेने घट्ट बांधा. हललं तर नवी मुळं तुटतात.

हे काम वडाला पावसाळ्याच्या तोंडावर मानवतं, थंडीत नको. छाटणीनंतर काही दिवस सावली द्या आणि नवी पानं धरेपर्यंत खत देऊ नका.

एका बाजूला मुळंच नसतील तर काय? माती बदलून तिथे मूळ फुटेलच असं नाही. अशा वेळी बुंध्याशीच गुटी बांधावी, म्हणजे साल काढून झाडावरच नवी मुळं फोडावीत. बुंध्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंदीची साल गोल काढायची, वरच्या कडेला रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी पूड) लावायची, भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओलावा धरणारं शेवाळ) भोवती गुंडाळायचं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली येतं, ते त्या कडेशी अडतं आणि मुळं तिथून फुटतात. इथे गुटी फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: सालीखालचा हिरवट, बुळबुळीत थर नीट खरवडलेला नसतो. मग साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. लाकूड दिसेपर्यंत खरवडा. एकच छोटी जागा रिकामी असेल तर मात्र गुटीऐवजी तिथे वडाचं छोटं रोप बुंध्याला चिकटवून कलम करणं सोपं पडतं.

आणि झाड बॉन्सायच्या छोट्या उथळ ट्रेमध्ये हलवायची घाई नको. मुळांची जाडी पानांच्या वाढीवर येते. रुंद, पसरट कुंडीत झाड मोकळं वाढू द्या, काही फांद्या मुद्दाम लांब सोडा. दरवर्षी शेंडे खुडत बसलात तर बुंधाही बारीक राहील, मुळंही.