ठासणीची बंदूक साफ करताना या चुका टाळा

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा बार ऐन वेळी फुसका गेला, की दोष बहुधा दारूला किंवा केपेला (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीला) दिला जातो. पुष्कळदा खरे कारण मागच्या वेळी झालेल्या, किंवा न झालेल्या, साफसफाईत दडलेले असते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. अशा बंदुका घरात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात आणि त्यांच्याबरोबर साफ करण्याच्या चुकीच्या सवयीही जातात.

सर्वांत घातक चूक म्हणजे बंदूक रिकामी आहे असे गृहीत धरणे. ही नळी मागून उघडत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेने काही कळत नाही आणि केप काढली म्हणजे बार (आत भरलेला दारूगोळा) निघाला असेही होत नाही. गज (बार ठासण्याची लांब काठी) हलकेच तळापर्यंत सोडावा, नळीच्या तोंडाशी जिथे येईल तिथे त्यावर खूण करावी आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून खूण तोंडाशी जुळवावी. गजाचे टोक निपलाजवळ (नळीच्या मागच्या टोकाचे, केप बसवायचे पोकळ बोंड) पोहोचत असेल तर नळी रिकामी आहे. दोन-चार बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे किंवा काहीतरी अडकले आहे. हे सारे करताना तोंड किंवा हात नळीच्या समोर येऊ देऊ नये. जुना बार आढळल्यास तो काढण्याचे काम परवानाधारक कारागिरावरच सोपवावे.

दुसरी चूक सार्वत्रिक आहे : बार उडवल्यावर थेट तेल किंवा रॉकेल लावणे. काळी दारू पूर्ण जळून जात नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो, त्यातला काही धुरातून बाहेर पडतो आणि उरलेला नळीला चिकटतो. या अवशेषात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. क्षार तेलात विरघळत नाहीत. त्यामुळे वरून नळी चकाकते, पण तेलाच्या थराखाली गंज धरतच राहतो, शिवाय काजळी आणि खनिज तेल मिळून डांबरासारखा चिकट लेप तयार होतो, तो पुढे निघता निघत नाही. जुलैच्या दमट हवेत तर एका रात्रीतही गंज दिसू लागतो. म्हणून आधी पाणी, मग कोरडे करणे आणि शेवटी तेल, हा क्रम कधीही मोडू नये.

पद्धत साधी आहे. घोड्याची (केपेवर आपटणाऱ्या हातोडीची) यंत्रणा आणि दस्ता फडक्याने नीट गुंडाळावा, निपल त्याच्या किल्लीने काढून वेगळे धुवावे आणि भोक लाकडी खुंटीने बंद करावे. नळीत कोमट पाणी आणि किंचित साबण घालून, थोडा वेळ हलवून ते ओतून टाकावे. पहिले पाणी शाईसारखे काळे येते आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अवशेषातल्या गंधकाच्या संयुगांचा तो वास आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे. उकळते पाणीच हवे असा आग्रह अनेकजण धरतात, परंतु क्षार कोमट पाण्यातही विरघळतात. उलट तापलेल्या ओल्या लोखंडावर तांबूस गंजाची पातळ साय झटकन धरते आणि हात भाजतो तो वेगळाच. नंतर चिंधी कोरडी निघेपर्यंत नळी पुसावी आणि तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक पांढरी चिंधी फिरवावी. ती चहाच्या रंगाची निघाली तर क्षार राहिले आहेत, आणि धुणे पुन्हा करावे लागेल. ही तपासणी सहसा कोणी करत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत उपयोगाची आहे.

काही बंदुकांत दारूची तळाची जागा नळीपेक्षा अरुंद असते. तिथे मोठी चिंधी काठाशीच अडते आणि तळ मात्र घाणच राहतो. गजाला लहान चिंधी किंवा बारीक ब्रश लावून तिथवर पोहोचावे. निपलाचे भोक बारीक तारेने मोकळे करावे. खिळा घालून ते मोठे करू नये. भोक रुंद झाले की बाराचा वायू मागे फिरतो आणि घोडा आपोआप वर उचलला जातो. तसे दिसू लागले तर निपल बदलावे.

तेल जास्त झाले तरी बार फुसका जातो, कारण उभ्या ठेवलेल्या बंदुकीतले तेल ओघळून तळाशी आणि निपलात साचते. साठवताना नळीचे तोंड खाली ठेवावे. बार भरण्यापूर्वी नळी कोरडी पुसावी आणि रिकाम्या बंदुकीवर एक केप उडवून पाहावी. तोंड गवताच्या पात्याजवळ धरले असता पाते हलले, तर वाट मोकळी आहे. भरलेल्या बंदुकीची केप फुटूनही बार उडाला नाही, तर किमान एक मिनिट तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवावे, कारण बार उशिराही उडतो.

बाहेरच्या जुन्या तपकिरी रंगावर पॉलिश पेपर घासणे हा निव्वळ अविचार आहे; त्या थराखालचे लोखंड उघडे पडले की ते अधिक वेगाने गंजते. कापडी किंवा चामडी खोळीत बंदूक महिनोन्महिने ठेवल्यानेही तेच होते. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघाला, तर ती धुऊन आणि तेल देऊन मगच न्यावी, आणि परत मिळताच आधी गजाने ती रिकामी असल्याचे तपासून, नंतर पांढरी चिंधी फिरवावी. घोडा अर्ध्या खाचेत (अर्धवट ओढून ठेवण्याच्या सुरक्षित स्थितीत) टिकत नसेल, तर मात्र ती बंदूक घरी साफ करत बसू नये. तशीच कारागिराकडे न्यावी.