इंदुरात भाड्याचं घर: वीजबिल वाढवणाऱ्या या चुका टाळा

मध्य प्रदेशात घरगुती वापर महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिला, तर अटल गृह ज्योती योजनेत पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपयेच लागतात. हद्द ओलांडली की सवलत गेली. म्हणजे दिवसाला पाच युनिटं. सुदामानगर असो की लोकमान्यनगर, भाडेकरूने हाच हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

सबमीटर न तपासणं

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. एका मुख्य मीटरवर तीन बिऱ्हाडं असली की बेरीज 150च्या वर जाते आणि सवलत कुणालाच मिळत नाही. खोली ठरवतानाच स्वतंत्र कनेक्शनचं विचारा. सबमीटर (मालकाने प्रत्येक बिऱ्हाडाला लावलेला वेगळा मीटर) असेल तर घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगही काढा. तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकला, तर जिन्यातला बल्ब तुमच्या तारेवर आहे किंवा कुठेतरी करंट उतरतोय. मग 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब एकटाच लावा. मीटरवर युनिटमागे 3200 इंपल्स (म्हणजे दिव्याच्या लुकलुकी) लिहिले असतील, तर तीन मिनिटांत दिवा 16 वेळा लुकलुकला पाहिजे. एखाद-दुसरा इकडेतिकडे चालेल. 20 भरले तर मीटर पळतोय, मालकासमोर पुन्हा मोजून दाखवा.

कूलर लावून खोली बंद ठेवणं

कूलरची पाठ बाहेर हवी आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. हवेला वाट नसली की ओल कोंडते, अंग चिकचिकतं. बोअरच्या पाण्याने गवताच्या जाळ्यांवर क्षार बसतात, म्हणून त्या दर उन्हाळ्यात बदला. पाऊस लागला की पंप बंद करा. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे गारवाही येत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा

काचेतून ऊन आत शिरल्यावर पडदा तापून खोलीच तापवतो. बांबूची चिक बाहेरून सोडा, भिंतीला खिळे न ठोकता ग्रिललाच बांधता येते.

नवा पंखा जुन्या रेग्युलेटरवर

जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30च्या आसपास. रोज 16 तास चालला तर महिन्याला 21 युनिटं वाचतात. पण जुन्या रेग्युलेटरवर त्याचं सर्किट खराब होऊ शकतं. वायरमनकडून रेग्युलेटर वगळून थेट जोडणी करून घ्या. मालकाचा पंखा आणि रेग्युलेटर माळ्यावर जपून ठेवा. घर सोडताना ते परत बसवायचे आणि आपला पंखा सोबत न्यायचा.