गाडीच्या रंगावरचा चिवट गोंद कसा काढावा

रेडियमचं जुनं स्टिकर, दारावरची बिडिंग, डीलरने डिकीवर चिकटवलेलं नाव किंवा लग्नाच्या दिवशी हारफुलं टिकावीत म्हणून बोनेटवर लावलेली सेलोटेप. वस्तू ओढून निघते, पण चिकटा रंगावरच राहतो. त्यावर धूळ बसते आणि चारआठ दिवसांत तिथे काळा डाग दिसू लागतो. मग कुणी घासणी घेतं, कुणी ब्लेड, कुणी पेंटवाल्याकडून थिनर आणतं. गोंदाने रंग क्वचितच बिघडतो. तो बिघडतो या तीन गोष्टींनी.

कारण असं की आजच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो आणि त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. चमक याच थराची आणि उन्हापासून संरक्षणही याचंच. घासणीचे ओरखडे या थरात उतरतात आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा हेच असतं) त्याला मऊ करून धुरकट करतात. ओरखडा हलका असेल तर पॉलिशने जातो, मऊ पडलेला थर मात्र बहुतेक वेळा पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणून गोंद खरवडायचा नाही, तो आधी ऊब देऊन आणि मग भिजवून सैल करायचा.

जमवाजमव

हेअर ड्रायर, तीनचार स्वच्छ मायक्रोफायबर कापड, जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी, तंगूस किंवा डेंटल फ्लॉस, कार शॅम्पू, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि गोंद काढण्याचं एक द्रावण. द्रावण म्हणून संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलावर आधारलेला गोंद-रिमूव्हर सगळ्यात बरा. तो नसेल तर डब्ल्यूडी-४०, निलगिरी तेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन चालतं. रॉकेलनेही गोंद सुटतो, फक्त मागे तेलकट थर राहतो. पेट्रोल वापरू नका. ते गोंद भिजण्याआधीच उडून जातं आणि त्याची वाफ पेट घेते.

आधी एक चाचणी करा. डिकी उघडल्यावर कडेला जो रंगवलेला पत्रा दिसतो, त्यावर द्रावणाचा एक थेंब टाकून ५ मिनिटांनी पांढऱ्या कापडाने पुसा. कापडाला रंग लागला किंवा जागा चिकट झाली तर ते द्रावण बाद. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं असेल तर ही चाचणी त्याच भागाच्या आतल्या कडेला करा. गॅरेजचा रंग कंपनीच्या भट्टीत भाजलेल्या रंगाइतका टणक नसतो. ताज्या रंगाला निदान महिनाभर द्रावण लावूच नका.

प्रत्यक्ष काम

१. गाडी सावलीत लावा, पत्रा हाताला थंड लागू द्या आणि तो भाग शॅम्पूने धुऊन कोरडा करा. ही पायरी वगळली की पुढे धुळीचे कण गोंदासोबत घासले जातात आणि गोल गोल बारीक ओरखडे उमटतात.

२. ड्रायर ८-१० सेंटिमीटरवरून, सतत हलवत, एक-दोन मिनिटं चालवा. पत्र्यावर हात दोनतीन सेकंद ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर थांबा. हीट गन टाळलेली बरी. तिची हवा काही शे अंशांपर्यंत तापते आणि एका जागी क्षणभर रेंगाळली तरी रंगाला फोड येतात. प्लास्टिकच्या बंपरवर तर ड्रायरही जपून, कारण बंपर वाकडा होऊ शकतो.

३. स्टिकरचा कोपरा नखाने सोडवा आणि त्याच्याच अंगावर दुमडून, रंगाला जवळजवळ समांतर, हळू ओढा. सरळ बाहेर ओढलं की स्टिकर फाटतो आणि गोंद मागे राहतो. पुढची जागा तापवत, ओढत जा. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या रेडियममधला मऊपणा संपलेला असतो, त्यामुळे ते कपच्यांनी निघतं. तिथे घाई चालत नाही. इंच-इंच तापवायचं आणि प्लास्टिकची पट्टी तिरकी धरून ढकलायची.

४. बिडिंग आणि नावाच्या अक्षरांमागे फोमची दुहेरी टेप असते. ती उचकटू नका. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना पत्र्याला खळगा पडतो. तापवल्यावर तंगूस मागे सरकवा आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढत फोम मधोमध कापा. तंगूस रंगाला नव्हे, वस्तूला टेकलेला ठेवा. काही बिडिंगना आतून क्लिपा किंवा पिनाही असतात. अडलं तर जोर न लावता आधी ते पाहा.

५. उरलेला फोम ऊब असतानाच अंगठ्याने वळत काढा, त्याच्या गोळ्या होऊन येतात. जेवढा हाताने निघेल तेवढं द्रावण कमी लागतं.

६. आता भिजवणं. बहुतेकांचं काम इथेच फसतं, कारण द्रावण लावलं की लगेच घासायला सुरुवात होते. कापड द्रावणात भिजवून गोंदावर पसरून ठेवा. सेलोटेपच्या चिकट्याला २-३ मिनिटं पुरतात, फोम टेपला ५ लागतात. उभ्या दारावर कापड घसरतं, तेव्हा हाताने धरून ठेवा. द्रावण वाळू देऊ नका. मग हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी घ्या, नाहीतर सुटलेला गोंद बाजूच्या रंगावर पसरतो. तीनचार फेऱ्या लागल्या तर लागू द्या. द्रावण लावल्यावर ड्रायर पुन्हा सुरू करू नका, वाफ पेटू शकते.

७. तेलकटपणा शॅम्पूने धुवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून पुसा. नुसतं अल्कोहोल जुन्या गोंदाला फारसं दाद देत नाही, शेवटच्या स्वच्छतेला मात्र ते उत्तम.

दारांवर फोमचा लांब पट्टाच उरला असेल तर ड्रिलला लावायचं रबर व्हील मिळतं. ते वेळ फार वाचवतं, पण वेग मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांच्या आत ठेवा, दाब देऊ नका आणि एका जागी दोन सेकंदांहून जास्त थांबू नका. घर्षणाने रंग भाजतो. पॅनेलच्या कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे हे चाक नकोच.

हेडलाइटच्या प्लास्टिकला द्रावण लावू नका, त्याला बारीक तडे जातात. तिथे कोमट साबणपाणी आणि बोटंच वापरा.

मागे उरलेली आकृती

गोंद पूर्ण गेल्यावरही अक्षरांची छाया दिसते. बोट फिरवून पाहा. काहीच लागत नसेल तर तो गोंद नाही. स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचला आणि आजूबाजूचा फिका झाला, एवढंच. द्रावणाने ती जाणार नाही. बारीक पॉलिश फोम पॅडवर घेऊन भोवतालच्या रंगावरही फिरवा, फरक पुष्कळ कमी होतो. लाल रंगावरची जुनी छाया बऱ्याचदा थोडी उरतेच, आणि ती घालवण्यासाठी रबिंग करत राहिलात तर क्लिअर कोट संपेल. पॉलिशनंतर वॅक्स लावा, कारण द्रावणाने आधीचं वॅक्स निघून गेलेलं असतं. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिशही नको आणि वॅक्सही नको.

त्याच जागी नवी बिडिंग लावायची असेल तर तेवढी पट्टी वॅक्सविना ठेवा, अल्कोहोलने पुसा आणि लावल्यावर १५-२० सेकंद घट्ट दाबा. फोम टेपची पकड पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुऊ नका.